उत्तर येत नाही तेव्हा

आपल्या अंकात नाटकांवर लिहिलं जातं, कादंबऱ्यांवर लिहिलं जातं, दिवाळीच्या सुमारास दिवाळी अंकांवरही. मी आज ज्या दोन लिखाणांबद्दल लिहिणार आहे त्यांना कुणी साहित्य म्हणणार नाही. तरी परदेशातल्या मराठी घरांत किती जणांच्या उशाशी ऑन-कॉलचा फोन असतो ते पाहता, अलीकडच्या बऱ्याच मराठी कादंबऱ्यांपेक्षा ही लिखाणं आपल्यात जास्त वाचली गेली असतील, असा माझा अंदाज आहे. एखाद्या मोठ्या सेवेचे डेटाबेस सर्व्हर कोसळतात, रात्रभर धावपळ होते, सगळं पूर्ववत होतं आणि मग आठ-दहा दिवसांनी कंपनी एक जाहीर अहवाल काढते. त्या अहवालांबद्दल मी बोलते आहे. धंद्यात त्यांना पोस्टमॉर्टेम म्हणतात. मराठीत ‘शवविच्छेदन’ म्हणवत नाही, कारण रुग्ण बहुतेक वेळा उठून कामाला लागलेला असतो.

मी संगणकशास्त्राची नाही. पीएचडी जीवशास्त्रात, आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक. प्रयोगशाळेचा डेटाबेस सांभाळायचं काम ‘तुला त्यातलं जरा कळतं’ एवढ्या भांडवलावर माझ्या गळ्यात पडलं. त्यात एकदा मी चांगलीच तोंडघशी पडले, ते पुढे येईलच. त्यानंतर मी हे अहवाल वाचायला लागले. सुरुवातीला शिकायला वाचत होते, नंतर मात्र वाचक म्हणून: कोण बोलतंय, काय सांगतंय, काय गाळतंय.

पहिला अहवाल गिटहबचा. जेसन वॉर्नर यांच्या नावाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी आलेला. घटना आधीच्या आठवड्यातली. २१ ऑक्टोबरला, जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री २२:५२ वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेहमीचं देखभालीचं काम चालू होतं. बिघडत चाललेलं १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलायचं होतं. त्यात कंपनीचं पूर्वेकडचं नेटवर्क केंद्र आणि तिथलंच मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क तुटला. ४३ सेकंदांत तो परत जोडला गेला. सेवा मात्र २४ तास ११ मिनिटं आजारी राहिली.

या दोन आकड्यांमधली दरी हाच अहवालाचा विषय आहे, आणि ती उघडून दाखवण्याचं काम त्याने चांगलं केलंय हे आधी सांगते. गिटहबच्या मायएसक्यूएल डेटाबेसवर ऑर्केस्ट्रेटर नावाचं सॉफ्टवेअर नजर ठेवून असतं. मुख्य सर्व्हर, म्हणजे ज्यावर लिहिलं जातं तो प्रायमरी, गेला असं वाटलं की दुसऱ्या एखाद्या प्रतीला गादीवर बसवायचं हे त्याचं काम. ऑर्केस्ट्रेटरच्या स्वतःच्याही अनेक प्रती असतात आणि त्या बहुमताने निर्णय घेतात. पूर्वेचं डेटा सेंटर दिसेनासं झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि पूर्वेच्याच सार्वजनिक क्लाउडमधल्या प्रतींनी मिळून बहुमत जमवलं, आणि पश्चिमेकडचे सर्व्हर प्रायमरी झाले. नेटवर्क परत आलं तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लिखाण होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि पश्चिमेकडे नवं लिखाण सुरू झालेलं होतं. एका घराच्या दोन वह्या, दोन्हींत वेगवेगळा हिशेब. कुठलीही एक टाकून द्यायची म्हणजे कुणाची तरी नोंद टाकून द्यायची. कंपनीने संथ वाट धरली: बॅकअपवरून पुन्हा उभारणी, मग प्रती जुळवणं, मग साचलेली कामं.

अहवालातली वेळापत्रकाची पट्टी मला फार आवडते. २२:५४ ला इशारे वाजू लागले. २३:०२ पर्यंत इंजिनियरांना कळलं की डेटाबेसची मांडणी भलतीच दिसते आहे, ऑर्केस्ट्रेटरला विचारलं तर तो फक्त पश्चिमेचेच सर्व्हर दाखवतो आहे. म्हणजे नेटवर्क सुधारून आठ-नऊ मिनिटं झाली होती आणि माणसं नुकती कुठे काय झालंय ते पाहू लागली होती. एक तपशील तर एखाद्या विनोदी लेखकाला सुचावा असा: ग्राहकांसाठी सविस्तर निवेदन काढायला उशीर झाला, कारण ज्या सेवेवरून ते प्रसिद्ध व्हायचं त्या सेवेची कामं कंपनीने स्वतःच काही तासांपूर्वी थांबवून ठेवली होती. हे त्यांनी लपवलेलं नाही. आणखी एक प्रांजळ जागा आहे. प्रती कधीपर्यंत जुळतील याचा कंपनीने दिलेला अंदाज चुकला, कारण मागे पडलेलं अंतर सरळ रेषेत कमी होत नव्हतं. आधी भराभर, मग हळू, मग आणखी हळू.

मग माझी तक्रार काय आहे? त्यासाठी थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. धंद्यातल्या वाचकांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालतील.

‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ हे एकच वाक्य निदान तीन वेगळ्या गोष्टी सांगतं. पहिली, नकार. यंत्र चालू आहे, पण त्या दारावर कुणी बसलेलं नाही. यंत्र ताबडतोब ‘नाही’ म्हणतं. ही सगळ्यात चांगली वाईट बातमी, कारण उत्तर तरी आलं. दुसरी, गर्दी. पोस्टग्रेस मूळ मांडणीत एका वेळी १०० जोडण्या घेतो, मायएसक्यूएल १५१. त्यापुढे आलेल्याला पोस्टग्रेस चक्क ‘सॉरी’ म्हणून परत पाठवतो. तिसरी गोष्ट म्हणजे मौन. हाक मारली, उत्तर नाही. लिनक्स अशा वेळी मूळ मांडणीत पुन्हापुन्हा हाका मारत दोन मिनिटांहून थोडं जास्त थांबतो. आणि आधीच उघडलेली, पण नुसती पडून असलेली जोडणी? तिची चौकशी करायची सोय चालू केली, तरी पहिली विचारणा मूळ मांडणीत दोन तासांनी होते. म्हणजे पलीकडचं यंत्र दुपारी एकला गेलं तर अलीकडचं तीनपर्यंत ‘सगळं ठीक’ समजून बसू शकतं.

मौनाचं कोडं पुस्तकी नाही, खरं आहे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्ध केलेलं एक प्रसिद्ध प्रमेय आहे, आणि त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे: निरोपाला किती वेळ लागेल याची हमी नसेल, तर मेलेला आणि मंद यांत फरक करता येत नाही. पुढे १९९६ मध्ये चंद्रा आणि टूएग यांनी निदान करणाऱ्या यंत्रणेचा सिद्धांत मांडला, तेव्हा शब्द कसा जपून वापरला पाहा. यंत्रणा ‘संशय घेते’. तिला कळत नाही, तिला संशय येतो. पण संशयावर बसून राहता येत नाही, म्हणून कुणीतरी मुदत घालतं: इतके सेकंद उत्तर नाही आलं तर गेला समजा. मुदत छोटी ठेवली तर जिवंत माणसाचं क्रियाकर्म होतं, मोठी ठेवली तर मेलेल्याची वाट पाहण्यात दिवस जातो. दोन्हींतलं कुठलं नुकसान आपल्याला परवडतं हे यंत्राला ठाऊक नसतं. ते माणसाला ठरवावं लागतं.

आणि इथेच गिटहबचा अहवाल तोंड मिटतो. ऑर्केस्ट्रेटर ‘मांडणी केल्याप्रमाणेच वागला’ असं तो सांगतो. ऑर्केस्ट्रेटर कधीकधी अशी रचना उभी करू शकतो जी वरच्या सॉफ्टवेअरला झेपत नाही, म्हणून काळजी घेतली गेली पाहिजे, असंही सांगतो. कुणी घ्यायची? आपल्याकडच्या सरकारी कागदावर ‘कारवाई करण्यात आली आहे’ वाचताना जो थंडपणा जाणवतो तोच इथे आहे. पश्चिमेचा सर्व्हर पूर्वेच्या सॉफ्टवेअरसाठी प्रायमरी होऊ शकतो अशी परवानगी कधीतरी दिली गेली होती. किती सेकंद थांबायचं हेही ठरलेलं होतं. अहवालात ४३ हा आकडा आहे, २४ तास ११ मिनिटं आहेत, ९५४ आहे (त्याकडे येते). यंत्रणा किती वेळ थांबली हा आकडा नाही.

त्याच्या जवळपास जाणारा आकडा दुसरीकडे सापडतो. त्याच वर्षी जूनमध्ये गिटहबच्या तांत्रिक ब्लॉगवर, ऑर्केस्ट्रेटरचे कर्ते श्लोमी नोआख यांचा, मायएसक्यूएल सतत उपलब्ध कसा ठेवतो याबद्दलचा लेख आला होता. उत्तम लेख आहे. त्यात अभिमानाने सांगितलंय की प्रायमरी गेल्यापासून नवा कामाला लागेपर्यंत बहुतेक वेळा १० ते १३ सेकंद लागतात, कधी २०, अगदी टोकाला २५. आता हे ४३ च्या शेजारी ठेवा. ज्या चपळाईचं जूनमध्ये कौतुक होतं, त्याच चपळाईमुळे ऑक्टोबरमध्ये ४३ सेकंदांचा खोळंबा दिवसभराचा झाला. यंत्रणा मिनिटभर आळशी असती तर ४३ सेकंद लोकांना चुका दिसल्या असत्या आणि विषय संपला असता.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. जूनच्या लेखात शेवटी उणिवांची यादी आहे, आणि तिच्यात जवळपास हाच प्रसंग लिहून ठेवलाय: प्रायमरी असलेलं डेटा सेंटर एकटं पडलं, तिथली सॉफ्टवेअरं त्यावर लिहीत राहिली, तर नेटवर्क परत आल्यावर दोन्हीकडचा डेटा जुळणार नाही. त्यावर उपाय म्हणून एकट्या पडलेल्या प्रायमरीला आतूनच बंद पाडायची सोय करतो आहोत, असंही म्हटलंय. (या उपायाचं धंद्यातलं नाव ‘स्टोनिथ’. ‘पलीकडच्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला’ या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं. नावं ठेवण्यात ही मंडळी कधी हळवी होत नाहीत.) म्हणजे चार महिने आधी धोका माहीत होता, प्रामाणिकपणे जाहीर लिहिला होता, काम चालू होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट ‘आम्हाला हे माहीत होतं आणि तरीही आम्ही हा धोका पत्करला, कारण अमुक’ असं एक वाक्य ऑक्टोबरच्या अहवालात असतं तर तो या प्रकारच्या लिखाणाचा नमुना झाला असता. अहवालाच्या कथनात जूनच्या त्या परिच्छेदाची आठवण निघत नाही. प्रसंग आभाळातून पडल्यासारखा येतो.

किती वेळ थांबायचं हे ठरवताना माणसाचं काय होतं, ते मला २२ जुलै २०२१ ला कळलं. माझं माहेर चिपळूणचं. त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि चढत गेलं. इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. उठून फोन पाहिला तर पुण्याच्या भावाचे अकरा मिस्ड कॉल. बाबांना फोन लावला. आधी रिंग वाजत राहिली. तासाभराने ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. दुपारी त्यांचा फोन ‘बंद आहे’ असं ती बाई सांगू लागली. तिन्ही निरोपांचा अर्थ मी दिवसभर लावत बसले. रिंग वाजते म्हणजे फोन कोरडा आहे. क्षेत्राबाहेर म्हणजे टॉवर गेला. बंद म्हणजे बॅटरी संपली, किंवा. त्या ‘किंवा’च्या पुढे जायचं नाही असं ठरवून मी मावशीला पुण्याला विचारलं, चुलतभावाला डोंबिवलीला विचारलं, खेडच्या एका वर्गमैत्रिणीला विचारलं. कुणाचाच फोन लागत नव्हता. सगळे एकच सांगत होते, म्हणून ते खरं वाटायला लागलं. आम्ही सगळे तुटलेल्या वाटेच्या एकाच बाजूला उभे आहोत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑर्केस्ट्रेटर नेमकं हेच करतो. तो एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. प्रायमरी दिसला नाही की तो प्रतींना विचारतो, ‘तुम्हाला तरी दिसतोय का?’ हुशार पद्धत आहे, एरवी खोट्या धोक्याच्या घंटा तिने टळतात. पण त्या रात्री पश्चिमेच्या बहुमताला ज्यांना विचारता येत होतं ते सगळे नदीच्या याच काठावर होते. साक्षीदार दहा, जागा एक.

भावाने पुढे काय केलं ते सांगते. त्याला बसवेना. दुपारी तो गाडी घेऊन निघाला. रस्ते बंद असल्याच्या बातम्या येत होत्या तरी निघाला. कऱ्हाडच्या पुढे कुठेतरी अडकला आणि त्याचाही फोन लागेनासा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकांच्या फोनवरून बाबांचा आवाज आला: आम्ही वर आहोत, खालचं सगळं गेलं, दादाला सांग येऊ नकोस. दादाला सांगायला दादा संपर्कात नव्हता. मग बाबाच त्याची काळजी करत बसले. आजही घरात हा विषय निघाला की आई म्हणते, एक दिवस थांबला असता तर काय झालं असतं? आणि भाऊ म्हणतो, नसतो गेलो आणि तुम्ही तिथे अडकलेले असता तर? दोघंही बरोबर आहेत. आमच्या घरात निदान कुणी ‘जाण्यात आलं’ असं म्हणत नाही. तो गेला, त्याने ठरवलं, आणि का ठरवलं ते तो सांगतो.

म्हणून मला दुसरा अहवाल जास्त जवळचा वाटतो. गिटलॅबचा, १० फेब्रुवारी २०१७ चा. तांत्रिकदृष्ट्या ही घटना गिटहबपेक्षा कितीतरी ओबडधोबड. ३१ जानेवारीला त्यांच्या पोस्टग्रेसवरचा ताण वाढला, राखीव प्रत मुख्य सर्व्हरच्या फार मागे पडली. ती पुसून नव्याने भरायचं ठरलं. भरता येईना, म्हणून मुख्य सर्व्हरची मांडणी बदलली. तर पोस्टग्रेस सुरूच होईना. एकाच वेळी ८००० जोडण्यांची परवानगी दिलेली होती, ती २००० वर आणल्यावर सुरू झाला. तोच ८००० चा आकडा जवळजवळ वर्षभर बिनबोभाट चालला होता. मग प्रत भरायची आज्ञा पुन्हा दिली आणि तो प्रोग्रॅम काहीही न बोलता बसून राहिला. इंजिनियरला वाटलं, अडकला. आधीच्या प्रयत्नातला कचरा डेटाच्या फोल्डरमध्ये राहिला असेल. त्याने तो फोल्डर पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण प्रतीवर नाही, मुख्य सर्व्हरवर आहोत. तोवर ३०० जीबीच्या आसपास डेटा गेला होता.

अहवाल पुढे शांतपणे सांगतो की तो प्रोग्रॅम अडकलेला नव्हताच. मुख्य सर्व्हरने डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत तो असाच गप्प बसतो. हे ना कंपनीच्या कार्यपुस्तिकेत नीट लिहिलेलं होतं, ना त्या प्रोग्रॅमच्या अधिकृत माहितीपत्रकात. सगळा अनर्थ मौनाचा एक अर्थ चुकल्यामुळे झाला.

आणि दुसरं मौन त्याहून जुनं होतं. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, तो चूक दाखवून थांबायचा. चुकीची ईमेल जात होती, पण त्यांवर पाठवणाऱ्याची योग्य खूण नसल्यामुळे ती पलीकडे नाकारली जात होती. टपालपेटी रिकामी, म्हणून सगळे निवांत. गिटहबच्या यंत्रणेने मौनाचा अर्थ मरण असा लावला. इथे माणसांनी तो खुशाली असा लावला. शेवटी एका इंजिनियरने सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी घेतलेली डिस्कची प्रत कामी आली. सहा तासांतलं मात्र गेलं: किमान ५००० प्रकल्प, ५००० प्रतिसाद आणि सुमारे ७०० नवे वापरकर्ते.

लिखाण म्हणून हा अहवाल गिटहबच्या अहवालाइतका रेखीव नाही. ‘असं का?’, मग ‘तसं का?’ अशी प्रश्नांची माळ शेवटी लावली आहे, ती शाळेतल्या गृहपाठासारखी वाटते. पण त्यात एक माणूस आहे. त्याचं नाव दिलेलं नाही आणि देऊ नयेच. चूक करणाऱ्याला फासावर न चढवता चूक समजून घ्यायची ही या प्रकारची चांगली रीत आहे. नाव नसूनही त्याला काय दिसत होतं, त्याला काय वाटलं आणि त्या समजुतीने त्याने काय केलं, हे आपल्याला कळतं. त्याच्या जागी आपण बसलो असतो तर तेच केलं असतं हेही कळतं. गिटहबच्या अहवालात माणसं २२:५४ नंतर येतात, आग विझवायला. आग लागण्याआधीचे निर्णय कुणाचेच नाहीत. दोष देऊ नये ही रीत ठीक. पण दोष नको म्हणून निर्णयही नको, अशी पळवाट तिच्यातून निघते, आणि जाणत्या कंपन्या ती जास्त सफाईने वापरतात.

जाता जाता एक छोटी नोंद, जी इकडच्या वाचकांना लवकर दिसेल. गिटहबच्या प्रती जुळायला वेळ का लागला, याचं एक कारण अहवाल असं देतो की युरोप आणि अमेरिकेतली माणसं उठून कामाला लागली, लिखाण वाढलं. घटना सुरू झाली तेव्हा पुण्यात सोमवारची पहाट होती, ४ वाजून २२ मिनिटं. संपली तेव्हा मंगळवारी पहाटेचे ४:३३. पुणे-बेंगळुरूचा अख्खा कामाचा सोमवार या दोन वेळांच्या आत बसतो. तिथली माणसं कधी उठली हे अहवालात नाही. बहुधा भार मोजणाऱ्या आलेखावर त्यांचा उंचवटा तेवढा मोठा नसेल. अहवाल आलेखावरून लिहिला की हे असं होतं.

आता माझी पाळी. आमच्या प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचे फ्रीझर आहेत. त्यांतले सेन्सर दर पाच मिनिटांनी तापमान पोस्टग्रेसमध्ये लिहितात आणि भिंतीवरच्या पडद्यावर शेवटचा आकडा दिसतो. उणे ७० च्या वर गेला तर लाल, नाही तर हिरवा. डेटाबेस जिवंत आहे का ते पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती: दर मिनिटाला जोडणी करायची, झाली की ‘ठीक’. एका शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने उघडलेल्या जोडण्या बंदच केल्या नाहीत, आणि १०० ची मर्यादा भरली. सेन्सरना दार बंद झालं. माझ्या स्क्रिप्टला मात्र नाही, कारण मी आळस करून ती प्रशासकाच्या खात्याने चालवत होते, आणि पोस्टग्रेस त्या शंभरातल्या ३ जागा प्रशासकासाठी राखून ठेवतो. मालकाला मागच्या दाराने प्रवेश मिळत होता, तो पुढच्या दाराची रांग बघत नव्हता. शनिवार-रविवारभर स्क्रिप्ट ‘ठीक’ म्हणत राहिली आणि पडद्यावर शुक्रवारचा उणे ७९ हिरवा राहिला. रविवारी फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. सोमवारी दार उघडलं तेव्हा आत एका पीएचडी करणाऱ्या मुलीचे चार महिन्यांचे नमुने होते.

(बाहेरून नुसतं दार वाजवून पळायचं, खात्याच्या भानगडीत पडायचंच नाही, हा उपायही मला नंतर एकाने सुचवला. मायएसक्यूएलवर तो करू नका. नुसती जोडणी उघडून ओळख न देता बंद केली, की तो तिला फसलेला प्रयत्न समजतो, आणि एकाच यंत्राकडून असे १०० लागोपाठ झाले की त्या यंत्रालाच बंदी घालतो. मग खुशाली विचारणाऱ्यालाच तेवढं उत्तर मिळत नाही.)

आता आमच्या पडद्यावर तिसरा रंग आहे, करडा: वीस मिनिटांत नवा आकडा आला नाही तर. हा रंग लावायला अर्धा तास लागला. त्याआधी दोन वर्षं तो कुणाला सुचला नव्हता, मलाही नाही. गिटहबच्या अहवालातही शेवटी एक कबुली आहे की हिरवा-पिवळा-लाल अशी आपली स्थिती सांगण्याची पद्धत पुरेशी नाही. ती वाचून मला जरा बरं वाटलं.

९५४ चं सांगायचं राहिलं. गिटहबच्या सगळ्यात व्यग्र डेटाबेस समूहांपैकी एकात, पूर्वेला लिहिल्या गेलेल्या पण पश्चिमेला न पोचलेल्या नोंदी ९५४ होत्या. त्यांतल्या कुठल्या आपोआप जुळवता येतील आणि कुठल्यांसाठी वापरकर्त्यांशी बोलावं लागेल याची छाननी चालू आहे, असं अहवाल म्हणतो. अख्ख्या अहवालात मला सगळ्यात विश्वासार्ह वाटलेलं वाक्य हे. संख्या नेमकी आहे, काम अपुरं आहे, आणि ते अपुरं असल्याचं सांगितलंय.

फ्रीझरचा अहवाल मलाच लिहायचा होता. पहिला मसुदा मी त्या मुलीला दाखवला. त्यात एक वाक्य होतं की देखरेखीची स्क्रिप्ट प्रशासकाच्या खात्याने चालवली जात असल्यामुळे बिघाड लक्षात आला नाही. तिने ‘चालवली जात’ खाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: कोण? दुसऱ्या मसुद्यात तिथे माझं नाव आहे, आणि त्यापुढे मी ते खातं का वापरलं याच्या दोन ओळी. नवं खातं मागायला फॉर्म भरावा लागतो, तो मी भरला नव्हता.